भिंतीकडचा खांदा

सलूनवाल्यांचा उजवा खांदा संपावर गेला. कात्री गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत जायची, त्याच्या वर जायला हात साफ नाही म्हणायचा. मग माथ्यावरचे केस कापायला गिऱ्हाइकालाच खाली वाकवायचं. लोक भिडेखातर एकदा-दोनदा वाकले आणि समोरच्या दुकानात जाऊ लागले. हात गेला की दुकान गेलं, हे स्वारीला पुरतं कळत होतं.

खांद्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, झोपता कुठल्या कुशीवर? उजव्या. कायम? कायम. आता रोज भिंतीकडे तोंड का, हे परक्या बाईला काय कपाळ सांगणार! मेव्हण्यासमोर स्वारी फुशारकीने बोलून गेली होती, की लग्नात आपण साफ फसलो. बायको म्हणाली, तेवढा शब्द मागे घ्या. पण यांचा बाणा मोडेन पण वाकणार नाही असला. तेव्हापासून अबोला, आणि रात्री पाठीला पाठ. खांद्याने तो फारच मनावर घेतला.

डाव्या कुशीवर झोपा, बाईंनी बजावलं. डावीकडे तर बायको! म्हणजे शरणागतीच की. उताणं झोपावं तर घोरणं. शेवटी स्वारीने अक्कल लढवली आणि उशी पायथ्याशी नेली. कूस डावी, तोंड भिंतीकडेच, अब्रूही शाबूत. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच.

पण आता मागे बायकोच्या टाचा होत्या, आणि झोपेत तिचे पाय कुणाचं ऐकत नसत. एक टाच नेमकी दुखऱ्या खांद्यावर बसली. सलूनवाले असे कळवळले की ती धडपडत उठली, दिवा लावला आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा बोलली.

"कुठे लागलं?"

खांदा चाचपायला तिने डावा हात उचलला, तो मध्येच अडला आणि तीच विव्हळली. तीही इतके दिवस पलंगाच्या कडेकडे तोंड करून, डाव्या कुशीवरच झोपत होती.

तेव्हा कुठे यांनी तिच्याकडे धड पाहिलं. केस मोकळेच, गुंतलेले. हाताला पाठीमागे जाता येत नव्हतं, वेणी कशी घालणार? आणि दिवसभर लोकांची डोकी बघणाऱ्या या शहाण्याला ते दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी तिला खाली बसवलं, स्वतः पलंगावर बसले आणि कंगवा घेतला. तेवढ्या उंचीवर हात बरा चालत होता. बराच वेळ गुंता सोडवल्यावर ते म्हणाले, "फसलो नव्हतो मी. फसवलं होतं, तुला."

"ते मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," ती म्हणाली. "घट्ट घाला, सुटते."