आठव्या ओळीवरचं कुलूप

साहेब, तुमच्या कुलपानं गेल्या वर्षी मंजुळाची एक बकरी खाल्ली आणि साधा ढेकरही दिला नाही. पिल्लू अडलेलं, मंजुळा तिला रिक्षात घालून नाक्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात आलेली, आणि दाराला कुलूप. तुम्ही मीटिंगला. बकरी पायरीवरच गेली.

यंदा त्याच बकरीची आधीच्या वेताची लेक मैना गाभण राहिली, तेव्हा मंजुळानं ठरवलं, भरवशाच्या म्हशीला टोणगा. बाळंतपणाची पेटी आपली आपणच भरायची.

पण पेटीत घालायचं काय? ते तुमच्या खिडकीतून दिसायचं. आत काचेचं कपाट, कपाटात शेळीच्या बाळंतपणाची पेटी, काचेवर आतून चिकटवलेली यादी. भर उन्हात गजांना नाक लावून मंजुळानं ती उतरवून घेतली. सात ओळी मिळाल्या. आठवीसमोर कपाटाचं मुठीएवढं पितळी कुलूप लोंबत होतं. तिनं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, उकिडवी बसून बघितलं. कुलूप जागचं हलेना. तुमचंच ना ते!

शहाड स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्या प्रीतमनं यादी वाचली. "हातमोजे, आयोडीन, नवं ब्लेड, नाळ बांधायला दोरा... काकी, डिलिव्हरी कुणाची?"

"मैनाची. पाचवा संपतोय, ह्या आठवड्यात होईल."

"पाचव्यात? काकी, घरी रिस्क घेऊ नका, कल्याणला मोठ्या हॉस्पिटलात न्या!"

"अरे बाबा, चार पायांची आहे ती. बकरी पाच महिन्यांतच विते."

"मग आधी सांगा ना! माझंच बीपी वाढवलं." त्यानं पिल्लाच्या बाटलीसाठी निपल मात्र दहा डबे उपसून मऊ शोधून दिलं.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा धुऊन, वाळवून मंजुळानं सगळं भरलं. वर जुन्या सुती साडीचे तुकडे, विजेरी. शेजारच्या ज्युलियाना आंटीनं तो तपासला. आंटी वर्तकनगरला एका प्रसूतिगृहात तीस वर्षं आया होती.

"सात झाले. आठवं काय गं?"

"कुलूप."

"मग आठवी प्रार्थना समज."

"आंटी, प्रार्थना डब्यात मावत नाही. वस्तू सांगा."

वस्तू काही आंटीला आठवली नाही.

गुरुवारी सकाळी मैना पाय आपटायला लागली. पाणमोट फुटली. एक खूर दिसला, नाकाडं दिसलं, दुसरा पाय नाही. मागं दुमडलेला. थेट तिच्या आईसारखंच. मंजुळानं तुम्हाला फोन लावला. बंद. हातमोजा चढवला, पण कोरडा हात आत जाईना. मैना किंचाळली.

आंटीनं कपाळावर हात मारला. "तेल! मेल्या डोक्या! तीस वर्षं तेलाची बाटली धरून उभी राहिले आणि विसरले!"

दोघी एकदमच स्वयंपाकघराकडे पळाल्या आणि दारात एकमेकींवर आपटल्या.

"आंटी, आधी तुम्ही व्हा!"

"बाटली कुठंय ते मला काय ठाऊक? तू हो!"

हाताला तेल चोपडून मंजुळानं पिल्लाला हळूच मागं ढकललं, खूर चाचपला, तळव्यात झाकून पुढं आणला. पुढच्या कळेला पिल्लू साडीवर सटकलं. तोंडातला चिकटा पुसला, तसं ते शिंकलं. दुसरं तर कुणाच्याही मदतीशिवाय आलं, सरकारी तर नाहीच नाही.

आठवड्यानं दोन्ही पिल्लं भाजीच्या पिशवीत घालून ती दवाखान्यात आली. नशीब, तुम्ही होतात.

"वा! गोड आहेत," तुम्ही म्हणालात. "आमच्या मार्गदर्शनाखाली सुखरूप, अशी नोंद करतो."

"करा. आधी ते कपाट उघडा."

"किल्ली शिपायाकडे आहे."

"आणि शिपाई?"

"मीटिंगला गेलाय."

पिशवीतून एक पिल्लू ओरडलं. मंजुळा बाहेर जाऊन पायरीवर बसली. त्याच पायरीवर.

"येऊ दे त्याला. मी थांबते. तोवर तुम्हीच सांगा साहेब, त्या पेटीत गेल्या वर्षी तेल होतं की नव्हतं?"