दोघांनाही मान्य असलेला हात

लाँड्रीत सगळ्या जणी तिला थोरली म्हणायच्या, कारण रोलरवर तिच्याइतकी वर्षं कुणीच काढली नव्हती. इस्पितळाच्या ओलसर चादरी तापलेल्या रोलरांत सरकवायच्या, हे तिचं काम. एका दुपारी चादरीबरोबर तिचा उजवा हातही आत ओढला गेला. अंगठा धड राहिला. बाकीची चार बोटं वाचली, पण नावापुरती. मूठ वळेना.

तिने लाँड्रीवर दावा लावला तेव्हा वाद फक्त भरपाई किती, एवढाच होता. चार बोटं निकामी होऊन हात कायमचा अधू झालाय हे लाँड्रीच्या वकिलांनीही लेखी मान्य केलं. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. "आता डॉक्टरांची साक्ष नको," तिच्या वकीलबाई म्हणाल्या. "जे दोघांना मान्य आहे, ते सिद्ध कशाला करायचं?"

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी वाचून दाखवलं : सुनावणीच्या वेळी बाईंनी उजव्या हाताने केसांना चिमटा लावताना मी स्वतः पाहिलं. सबब हात अधू असल्याची कबुली मी स्वीकारत नाही. दावा फेटाळला.

हे आपल्याबद्दल आहे, हेच थोरलीला क्षणभर कळलं नाही.

"अहो, मग मला विचारायचं तरी!" बाहेर आल्यावर ती म्हणाली. "चिमटा मी डाव्या हाताने लावते. उजव्याच्या तळव्याने केस नुसते दाबून धरते. सहा महिने लागले शिकायला."

"अपील करू," वकीलबाई म्हणाल्या. "पण तोवर जपून राहा."

जपून म्हणजे कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. थोरलीने स्वतःच ठरवलं. दुकानात जाताना उजवा हात पदराखाली. बाल्कनीत कपडे वाळत घालणं बंद. "आई, समोरचे बघतायत," मुलगी आतून कुजबुजायची. धाकट्या बहिणीने आपला नातू पुढे केला, तेव्हा थोरली हात बांधून बसून राहिली. बहीण पुन्हा बाळाला घेऊन आली नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता. तोही तिने सोडला. बोट तसूभर हललं आणि कुणी पाहिलं तर?

दोन वर्षांनी वरच्या कोर्टाचा निकाल आला. न्यायाधीश पक्षकारांच्या कबुलीला बांधील नसतात, त्यात लिहिलं होतं. पण ती बाजूला सारायची असेल तर आधी तसं सांगून दोघांनाही बोलायची संधी द्यायला हवी. ती दिली नाही. प्रकरण पुन्हा खाली.

खाली आता नव्या न्यायाधीश होत्या. त्यांनी पहिल्याच तारखेला सरळ विचारलं, "चिमट्याबद्दल काय म्हणायचंय?" थोरलीने सांगितलं, करून दाखवलं. मग डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, चार बोटं तेव्हाही निकामीच होती. आता अंगठाही आखडलाय.

"व्यायाम का सोडलात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"भीतीने, बाईसाहेब. बरी झाले असते तर खोटी ठरले असते."

टंकलेखकाची बोटं थांबली. न्यायाधीशांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "हे लिहून घ्या."

निकाल तिच्या बाजूने लागला. जुनी कबुली ग्राह्य धरली गेली. अंगठा मात्र त्यात धरला नाही, कारण कबुली चार बोटांची होती आणि अंगठा अपघातात गेला नव्हता.

जिन्यात लाँड्रीचे वकील भेटले. थोडे ओशाळलेले. "बाई, हाताबद्दल आम्ही कधीच नाही म्हटलं नव्हतं."

"ठाऊक आहे हो," थोरली म्हणाली. "म्हणून तर राग कुणावर काढावा, तेच कळत नाही."

ते बाजूला सरले. कठड्याला डावा हात लावून ती एकेक पायरी उतरू लागली.