नर्मदेच्या माहेरची वंशावळ

माहेरचं नाव निघालं की तोंडवलीच्या नर्मदेला वय आठवत नसे. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरतात, पण नात अनुजा म्हणाली, "आजी, तुझ्या माहेरची वंशावळ काढूया. कचेरीत जुनी दप्तरं बघायला मिळतात," तर ही बया नातीच्या आधी चपला घालून तयार! नवरा ओट्यावरून ओरडला, "अगो, जेवणाचा काय?"

"आज हातान वाढून घेवा," म्हणाली आणि निघाली.

रिक्षात सगळा वेळ धाकट्या भावाचं, धोंडूचं पुराण. आई बाळंतपणात गेली, तेव्हा ह्या एवढ्याशा पोरीने त्याला कडेवर घेऊन वाढवलं. त्याला सांभाळायला शाळा सोडली. तो शाळेत गेला, शिकला. अजूनही दर दिवाळीला नव्या भाताचे पोहे घेऊन खारेपाटणच्या पलीकडून तोंडवलीला येतो. "असो भाव मिळाक नशीब लागता गो," ती अनुजाला म्हणाली.

कचेरीतला कारकून भला माणूस. धूळ झटकून त्याने दप्तर सोडलं. वडील बाबाजी सापडले, आजोबा सापडले, मग पणजोबा. त्यांचं नाव शिवा. नर्मदेने ते जन्मात ऐकलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे हात जोडले. अनुजा भराभर लिहून घेत होती आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

मग कारकुनाने बाबाजींच्या मागे जमीन कोणाच्या नावावर चढली ती नोंद वाचली. "वारस मुलगा धोंडू. मुलगी नर्मदा मयत, मूलबाळ नाही." मान वर करून त्याने विचारलं, "ह्या नर्मदाबाई लवकर गेल्या वाटतं?"

"मीच ती," नर्मदा म्हणाली. "आणि ही माझ्या मुलाची मुलगी."

कारकुनाने ती नोंद पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाला, "अर्ज द्या आजी. हिस्सा मिळेल तुम्हाला." अनुजा तर पेटलीच, वकील, कोर्ट, काय काय बोलत सुटली. नर्मदेला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तिने एवढंच विचारलं, "हे सांगितलं कोणी?"

"धोंडू बाबाजी. खाली सही आहे त्यांची."

सही! मेल्याला लिहिता यावं म्हणून हिने पाटी टाकली होती.

तिथून ती अनुजाला घेऊन थेट माहेरी गेली. धोंडू घरापुढच्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होता. बहिणीला बघून हरखला. "बाय, तू? आधी सांगूचा नाय काय गो!"

"मेलेला माणूस सांगान येता काय रे?"

धोंडूला कळायला वेळ लागला नाही. तो खालीच बसला. गावात बहिणीकडून हक्कसोड घ्यायची रीत होती, सगळेच घेत. पण जिने वाढवलं तिच्या दारात जाऊन 'तुझा वाटा सोड' असं म्हणायचं कसं, म्हणून हा लेकाचा अडून बसला होता. तलाठी घाई करत होता, आणि ह्याला सोपी वाट दिसली.

"तुझ्याकडे मागूक जीभ रेटली नाय गो," तो रडत म्हणाला.

"मागूक रेटली नाय, आणि मेली म्हणून सांगूक रेटली?" नर्मदेचा आवाज फाटला. "माका हाक मारली असतस तर धावत येवन सही केली असती रे. माजो झील, ह्या अनुजाचो बापूस, तेव्हा मांडयेर खेळवलंस, आणि कचेरीत लिवन दिलंस, मूलबाळ नाय!"

"तुझा नाव लावन देतंय, बाय. अर्धी जमीन घे."

"जमीन घाल चुलीत. माका म्हायेर होता, ता खंय गेला?"



ती निघाली, तशी धोंडूची बायको यशोदा तांदूळ-नारळ घेऊन बाहेर आली. काही झालं तरी माहेरवाशीण रिकाम्या पदराने जात नाही. "वन्सं, पदर धरा," ती चाचरत म्हणाली.

"नको, आजी," अनुजा म्हणाली.

पण नर्मदेने पदर पसरला. "भर गो यशोदे. सवाशीण मेली काय तिची शेवटची ओटी म्हायेरचीच लागता. माजी तेवढीच ऱ्हवली हा."

यशोदेच्या हातातले तांदूळ निम्मे खाली सांडले. धोंडूने टाहो फोडला, घरातलं माणूस गेल्यावर फोडतात तसा. नर्मदेला वाटलं, जावं आणि त्याचं डोकं पोटाशी धरावं. तिने पदराला गाठ मारली आणि ती खळं उतरली.