मुठीवरची जाळी

दादाने माउसचं चाक फिरवत पडद्यावरची दाराची मूठ एवढी मोठी केली की तिच्यावरचा एकेक त्रिकोण वेगळा दिसू लागला. पलीकडच्या कारखान्याने तिचं त्रिमितीय मॉडेल कालच आपल्या वेबसाइटवर टाकलं होतं, कुणीही उतरवून घ्यावं असं. असं टाकताना मूळ गुळगुळीत पृष्ठभाग कुणी देत नाही. त्यावरून काढलेली त्रिकोणांची जाळी तेवढी देतात.

मूठ दादाच्या कारखान्यातली नव्हती. जाळी मात्र इथलीच होती. अंगठा टेकतो तिथे पृष्ठभाग आधी दुभागायचा आणि मगच जाळी काढायची, म्हणजे त्रिकोण रांगेत बसतात, ही खोड फक्त इथली. इतरांच्या मुठींवर ते वाटेल तसे सांडलेले असतात.

आणि इथे जाळी काढायचे एकटे दाजी, त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान. म्हणजे पगार इथला आणि चाकरी तिकडची. ते कायम सगळं काम घरूनच करून आणायचे, त्यावरूनही दादाच्या मनात पाल चुकचुकली होती. पण दाजींना काढायचं म्हणजे धाकटीचा संसार उघड्यावर आणायचा.

"दाजी, जरा या इकडे."

दाजी आले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले.

"ओळखलीत?"

"हो. माझीच म्हणा. उद्यापासून मी येत नाही."

एवढी सहज कबुली? दादाचा संशय उलट वाढला. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. आपल्या जुन्या मुठीची जाळी काढून दाखवा. माझ्यासमोर."

दाजी बसले. त्यांनी पृष्ठभाग निवडला, दुभागायची रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. कपाळ पुसून जाळी काढली. अंगठ्यापाशी त्रिकोण सैरावैरा पसरले.

"अहो, मग इतकी वर्षं हे काम करतंय कोण?"

दाजींनी काचेपलीकडे पाहिलं. तिथे धाकटी गिऱ्हाइकांचे फोन घेत बसली होती.

"घरी तीच करते. मी नुसत्या फाइली नेतो-आणतो. ही मूठ तिचीच, आणि आपल्या मुठीही तिच्याच."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"ती बोलली होती, दादा. दोनदा. तुम्ही हसलात आणि तिला फोनवर बसवलंत." ते पुढे म्हणाले, "तिकडे तिला डिझाइन विभागात स्वतःचं टेबल देतायत, पहिल्या तारखेपासून. दोष माझ्यावर येऊन भागलं असतं तर तुम्हा दोघांत वाकडं आलं नसतं, एवढंच."

दादाला तिचा राग यायला हवा होता. त्याला लाजच वाटली. तो उठला, दारापर्यंत गेला. रोज तो तिला "ए छोटे" अशी हाक मारायचा. आज काय म्हणून हाक मारावी, ते त्याला सुचेना.