मी वाजलोच नव्हतो

मी एक नादकाटा. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझं चित्र पाहिलं असेल तुम्ही, दोन पाय वर आणि एक दांडी खाली. वर्ध्याच्या दवाखान्यात मला फोर्क म्हणतात आणि जवळच्या आंजी गावच्या बायका सरळ चिमटा म्हणतात. चिमटा तर चिमटा. नावाचा राग मानायला मी काही नवरदेव नाही. बोलणं हा तसा माझा धंदा नव्हे, वाजणं हा धंदा. पण आता वाजणं सुटलंय, तेव्हा म्हटलं थोडं बोलून घ्यावं.

कुठल्याशा कारखान्यात पोलादाच्या सळईला वाकवून, घासून मला घडवलं. ठोकायचे, ऐकायचे, पुन्हा घासायचे. सूर नेमका लागला तेव्हाच माझ्या अंगावर आकडा कोरला. मला तो एकच सूर येतो. गवयी लोक हसतील, हसू देत.

डॉक्टर श्रीनिवास शिकत होते तेव्हा त्यांनी मला घेतलं. कोपरावर हलकासा टोला, मग माझं बूड कानामागच्या हाडावर, मग माझे थरथरते पाय कानासमोर. आणि प्रश्न ठरलेला, "मागे जास्त ऐकू आलं की समोर?" धडधाकट कान म्हणतो समोर. पडदा फाटलेला कान म्हणतो मागे. एवढीच माझी विद्या, पण तिच्या जोरावर मी ताठ मानेनं जगलो.

काय काय माणसं पाहिली मी! कुणी लसूण घालून तापवलेलं तेल कानात ओतून यायचं, कुणी मोटारसायकलच्या किल्लीनं कान कोरून यायचं. म्हातारे छाती पुढे काढून सांगायचे, "मले सगळं ऐकू येते," आणि मागे उभी असलेली सून नुसती मान हलवायची. ते दिवस आठवले की आजही अंगावर शहारा येतो, आणि माझा शहारा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

पुढे श्रीनिवास सर मोठे डॉक्टर झाले आणि त्यांच्या हाताखाली चारुता शिकायला आली. किडकिडीत पोरगी, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. सरांनी मला तिच्या हातात दिलं. "सांभाळ. आणि कुणी गुळगुळीत उत्तरं द्यायला लागलं, तर याला न वाजवता धरून बघ," एवढंच म्हणाले. तेव्हा तिला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला होता, पण मला विचारतो कोण?

चारुताचं संशोधन कानाच्या पडद्यावर होतं. फाटका पडदा दोन तऱ्हांनी सांधतात. कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा लावून, नाहीतर कानाच्याच मऊ हाडाचा बारीक काप लावून. कुठल्या तऱ्हेनं जास्त चांगलं ऐकू येतं, ते तिला शोधायचं होतं. ऑपरेशनच्या आधी ती प्रत्येकीजवळ बसून सांगायची, "हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे. मनात नसेल तर नाही म्हणा, तरी उपचार होईलच." नियमच आहे तसा. या साध्या वाक्यातून पुढे केवढं रामायण घडणार होतं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

डोक्याला पट्टी बांधून पडलेल्या बायकांना ती स्वतः चहा नेऊन द्यायची. त्यांच्या लेकरांची चौकशी करायची, त्यांनी दिलेली भाजी-भाकर त्यांच्याच खाटेवर बसून खायची. बायकांनी तिला लेकच मानलं.

आता माणसाची रीत अशी की बरं वाटलं की तो दवाखान्याकडे फिरकत नाही. तपासणीला कुणी येईना. मग चारुताच मला एप्रनच्या खिशात घालून एसटीनं आंजीला निघाली. तिथल्या दवाखान्याच्या ओट्यावर बायका डोक्यावर पदर घेऊन रांगेत बसलेल्या होत्या. पहिल्या सुमित्राबाई. मी मागे वाजलो, समोर वाजलो. "समोर," त्या म्हणाल्या. चारुताचा चेहरा असा फुलला की काय सांगू! ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी तो पाहिला. पुढची म्हणाली समोर. तिच्या पुढची म्हणाली समोर. जिजाबाईंनी तर कमाल केली. मी मागेच होतो, कानासमोर आलोसुद्धा नव्हतो, आणि त्या म्हणाल्या, "समोर, मॅडम. लय मस्त समोर."

चारुताला सरांचे शब्द आठवले.

त्यानंतर आल्या रुख्माबाई. कापसाच्या शेतात राबलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या. दोन्ही कान लहानपणापासून वाहते, त्यातल्या उजव्याचं ऑपरेशन झालेलं. चारुतानं आत डोकावून पाहिलं, पडदा झकास बसला होता. मग तिनं मला कोपराजवळ नेलं, टोला मारल्यासारखं केलं आणि तसंच गपगार कानामागे, मग कानासमोर धरलं. मी वाजलोच नव्हतो. जन्मात पहिल्यांदा कामावर असून मुका होतो.

"येते ना," रुख्माबाई हसून म्हणाल्या. "समोर येते. घंटीसारखं येते."

चारुता खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "मावशी, हा तर मी वाजवलाच नाही. तुम्ही असं काऊन केलं?" एरवी शुद्ध बोलणारी पोरगी, पण त्या घटकेला तिच्या तोंडून तिथलंच बोलणं आलं.

रुख्माबाईंनी पदर तोंडाला लावला. उत्तर जिजाबाईंनी दिलं. "तूच तं म्हणलं होतं, तुया अभ्यास हाय म्हणून. आमचे कान नाई सुधरले तं तू नापास होशीन. एवढी गुणाची पोरगी, तिले आमच्यापायी काऊन नापास करा? मंग सुमित्राबाईनं सांगितलं, समोर म्हणजो, मॅडम खुश होते."

हसावं की रडावं, मलाही कळेना. लबाडी होती, पण इतकी मायेची लबाडी मी पाहिली नव्हती. आणि मोहही मोठा होता हो. पडदे चांगले बसलेले, सगळ्यांची उत्तरं एकसारखी, वर्ष संपत आलेलं. तिनं गप्प राहून "ऐकू येतं" असं लिहून टाकलं असतं, तर कोण विचारणार होतं? पण तसं झालं असतं, तर रुख्माबाईंचा कान कायमचा तसाच राहिला असता.

चारुतानं डोळे पुसले आणि ती उभी राहिली. "ऐका. कान सुधारला नाही, तर तेही माझ्या अभ्यासात लिहायचं असतं. त्यानं मी नापास होत नाही. खोटं लिहिलं, तर मात्र व्हायला पाहिजे."

"हे पहिले नाई का सांगाचं," जिजाबाई पुटपुटल्या. पुन्हा रांग लागली. यावेळी कुणी समोर म्हणालं, कुणी मान खाली घालून मागे म्हणालं.

रुख्माबाई शेवटी बसल्या. मी खराखुरा वाजलो. "मागंच येते, माय," त्या म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. लेक काजल समुद्रपूरला दिलेली. तिचा फोन आला की बोलणं नीट कळत नाही, म्हणून रुख्माबाई फोन नवऱ्याकडे, वासुदेवरावांकडे द्यायच्या आणि "कामात हाय म्हणून सांगा" म्हणायच्या. "तिले वाटते, माय रुसली. आता तं तिनं फोन करणंच बंद केलं. मी तिले कसं सांगू, का मले तुयं बोलणंच समजत नाई?"

चारुतानं तिथूनच सरांना फोन लावला. "सर, आंजीचे निकाल चुकलेत. पुन्हा घेतले, बरेच खाली जातील. एका बाईचा पडदा झकास बसलाय, तरी मागेच ऐकू येतं."

"जाऊ दे," सर म्हणाले. "त्या बाईला घेऊन ये. पडद्यामागची हाडं झिजली असतील, ती जोडून बघू."

तसंच निघालं. आतल्या इवल्याशा हाडांची साखळी तुटली होती. दुसरं ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी रुख्माबाई वर्ध्याला आल्या, सोबत वासुदेवराव. मी मागे वाजलो, समोर वाजलो. "समोर." चारुतानं मला मुकाट धरलं. रुख्माबाईंनी वाट पाहिली, तिच्याकडे रोखून बघितलं. "हा तं बंद हाय, मॅडम."

वासुदेवरावांनी तिथंच काजलला फोन लावला आणि बायकोच्या हातात दिला. रुख्माबाई सवयीनं अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "काजल, मी माय बोलतो व!" पलीकडून चिडका आवाज आला, "एवढी बोंबलून काऊन राह्यली? मी का बहिरी हाओ?"

ती बोलणी ऐकून रुख्माबाई ढसाढसा रडल्या. वासुदेवराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

चारुताच्या संशोधनात शेवटी काही मोठा शोध निघाला नाही. दोन्ही तऱ्हा जवळपास सारख्याच ठरल्या. जसं होतं तसं तिनं लिहिलं आणि ती पास झाली. आता ती तिथंच शिकवते. मागच्या वर्षी एका शिकाऊ डॉक्टरच्या हातून मी फरशीवर पडलो. माझा एक पाय किंचित वाकला. बाहेरून दिसत नाही, पण सूर फाटला. चारुतानं एकदा वाजवलं, कान देऊन ऐकलं आणि त्याच दिवशी मला कामावरून काढलं. वाईट वाटलं, पण तिचा अभिमानही वाटला. आता मी तिच्या खणात कापसाच्या बोळ्यांशेजारी पडून असतो.

थांबण्याआधी एक मागणं आहे. उद्या डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा त्यांचं मन राखू नका. दुखत असेल तर दुखतं म्हणा, ऐकू येत नसेल तर येत नाही म्हणा.

आंजीच्या ओट्यावर आजही बायका सांगतात, "ते पोरगी आमच्याच कानावर पास झाली." खरंच आहे ते. ज्या कानांनी ऐकू येत नाही म्हणून सांगितलं, त्याच कानांवर झाली.