फुजैराच्या सहा बंदुका

धाडकन बंदूक पडली ती माझ्या पायापासून वीतभर अंतरावर.

"वॉल्टर!" मी ओरडले. "जिवे मारायला आणलंयस का आम्हाला इथे?"

फुजैराच्या त्या वाळूच्या मैदानावर माझा नवरा छडी खाल्लेल्या पोरासारखा उभा होता.

बंदूक लाकडाची होती, आणि त्यानेच घडवलेली. इथले पुरुष सणासमारंभाला ओळीने उभे राहून नाचतात, आणि नाचता नाचता बंदूक गरगर फिरवून आकाशात उडवतात, झेलतात. त्या संध्याकाळी अमिरातीच्या नॅशनल डेला जुन्या काळच्या गावाचा देखावा होता. नाचणाऱ्या पथकाचे म्होरके अबू राशिद यांना त्यासाठी आजोबांच्या वेळच्या हुबेहूब सहा बंदुका हव्या होत्या.

आमचं सगळं त्या सहांवर अडलं होतं. मंदीत वॉल्टरची फर्निचर कंपनी बुडाली, व्हिसा रद्द झाला. आता महिनाअखेर गाशा गुंडाळून वसई! अबू राशिद म्हणाले होते, "काम अच्छा हुआ तो मेरे वर्कशॉप में आ जाना, इन्शाल्ला." आता या इन्शाल्लाचा अर्थ हो की नाही, ते पोपसाहेबांनाही सांगता यायचं नाही.

शारजात अल मजाजच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून वॉल्टरने सागवान तासलं. नळी, चाप, पितळी पट्ट्या, सगळं जुन्या फोटोंवरून. तोल असा, की एका बोटावर ठेवा, हलणार नाही. आणि शेवटी, जन्मभर लोकांची डायनिंग टेबलं चमकवणारा माणूस करणार तेच त्याने केलं. पॉलिश! हातावर हात, हातावर हात. दस्त्यात बघून लिपस्टिक लावावी इतकं. मीच मेलीने कौतुक केलं होतं.

आता नाचणाऱ्यांच्या घामट तळहातांतून तीच बंदूक सुळकन निसटत होती. अबू राशिदनी दुसरी उडवली, झेलली, सुटली.

"हबीबी," ते म्हणाले, "ये बंदूक है या मछली?"

"डॅडी, इट्स टू शायनी," आमची सँड्रा म्हणाली.

मला रडूच फुटलं. वॉल्टर वळून गाडीकडे गेला. मला वाटलं, झालं, खलास, निघाला घरी. पण तो खरखरीत पॉलिशपेपर घेऊन परत आला, वाळूत मांडी घातली आणि स्वतःच चढवलेली ती चकाकी खरवडू लागला. पहिला हात ओढताना त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"बघतेस काय मिल्ड्रेड? बस ना!"

बसले. नवा ड्रेस गेला खड्ड्यात. सँड्रा बसली. मग आपला पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा सावरत अबू राशिदही बसले. "यल्ला, यल्ला!" म्हणत त्यांनी पथकातल्या सगळ्यांना खाली बसवलं. भुसा नाकात जाऊन सगळे शिंकत होते आणि एकमेकांच्या शिंकांना हसत होते.

हाताच्या पकडीपुरतं लाकूड उघडं पडलं. अबू राशिदनी एक बंदूक उचलली, फिरवली आणि इतकी उंच फेकली की "देवा रे!" म्हणून मी तोंड फिरवलं.

चट् आवाज आला. बंदूक त्यांच्या मुठीत होती. पुन्हा उडवली, पुन्हा मुठीत.

"पासपोर्ट लाया?" त्यांनी वॉल्टरला विचारलं.

इथे मालक हा प्रश्न उगाच विचारत नाही, व्हिसा लावायचा असेल तरच. पासपोर्ट गाडीतल्या माझ्या पर्समध्येच होता. मी अशी धावले की सँड्रा ओरडली, "मम्मी, स्लो डाउन!"

संध्याकाळी ढोल वाजू लागले. सहाच्या सहा बंदुका वर गेल्या, सहाच्या सहा हातात आल्या. मी वेड्यासारख्या टाळ्या पिटत होते. तेवढ्यात अबू राशिदनी वॉल्टरला ओढून ओळीत उभं केलं. त्या पांढऱ्या कंदुऱ्यांच्या मध्ये भुशाने माखलेल्या शर्टात माझा नवरा, दोन्हीकडे खांद्याला खांदा. पावलं सगळी चुकत होती.

आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो इतका ताठ उभा नाही.