पेटीत मुरलेलं कापड

इनेंगीकडे पैसा होता, पण घरात आजी-पणजीपासून चालत आलेल्या कापडांची पेटी नव्हती, आणि आमच्या बुगुमा बेटावर या गोष्टीला क्षमा नाही. पोर्ट हारकोर्टला तिची मासळीची तीन शीतगृहं जोरात चालत. इथे बेटावर मात्र बायका म्हणत, "पैसेवाली आहे हो!" त्यात कौतुकाचा टिपूसही नसे.

तिची लेक इबिसिकी मोठी होत होती. मुलगी वयात आली की आमच्याकडे इरिया करतात, नटवून सगळ्या बेटासमोर चालवतात. तेव्हा नेसवायची ती इंजिरी, मद्रासेहून येणारं चौकड्यांचं कापड. म्हाताऱ्या त्याचा काठ नाकाशी नेतात. दुकानाचा वास आला की संपलंच, पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून लेक लहान असतानाच, नऊ वर्षांपूर्वी, इनेंगीने गुपचूप सहा इंजिऱ्या घेतल्या. वर्षभर दार लावून, लेक पायाशी खेळत असताना, ती ब्लेडने एकेक दोरा कापून, उपसून नक्षी पाडत बसली. कापडातून जितकं काढाल तितकं ते खानदानी, अशी आमची उफराटी रीत. मग एका दुपारी होडीत बसून ती आवोबाकडे गेली. ही तिची दूरची मावशी, आणि मावशीच्या घरची पेटी साऱ्या बेटाला ठाऊक.

"मावशी, ही तुमच्या पेटीत मुरू द्या."

"मासे धुरावर टांगतेस का गं?" म्हातारी खदखदून हसली.

"कुणाला कळता कामा नये."

"मेले तरी सांगायची नाही."

त्यानंतर इनेंगीला ती पेटी स्वप्नात दिसू लागली. शीतगृहाच्या गल्ल्यावर भरदुपारी डोळा लागे, आणि आतला कापराचा अंधार तिच्याभोवती दाटे. कधीच्या गेलेल्या आज्यांची कापडं तिच्या कापडांना हळूहळू काही शिकवत असत, कसं पडून राहायचं, कसं गप्प बसायचं. मग इबिसिकी खाडीकाठाने चालताना दिसे. बायका काहीच बोलत नसत, नुसत्या बाजूला सरून वाट देत. इनेंगी जागी होई तेव्हा गालावर ओल असे.

इरियाला महिना उरला होता, आणि आवोबा मावशी गेली. दिलेला शब्द तिने पाळला होता.

रीतीप्रमाणे मयताची खाट आणि सगळी खोली घरच्या कापडांनी मढवली होती. खिडकीतून खाडीच्या पाण्याचा उजेड आत येऊन चौकड्यांवर हलत होता, जणू सारी खोली पाण्याखाली होती. खाटेच्या उशाशी, सगळ्यात मानाच्या जागी, इनेंगीची सहा कापडं होती. एका म्हातारीने काठ नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"आवोबाच्या सासूची असणार. असली कापणी आता कुणाच्या हातात राहिलीय?"

इनेंगीचा ऊर भरून आला. याच शब्दांसाठी तर तिने नऊ वर्षं काढली होती. मग ते शब्द कुणाच्या पदरात पडले हे ध्यानात आलं.

बोलावं का? पुरावा एकच, दुकानाची पावती. ती दाखवली की कापडं तिची ठरणार, आणि त्याच क्षणी नवीही ठरणार.

"आई, ही तर तू कापत—" इबिसिकी कानाशी लागली.

"गप."

तेवढ्यात मावशीची सून ओवानाते जवळ आली. पेटीची किल्ली आता तिच्या कमरेला होती.

"हात पुसून शिव हं, इनेंगी. फार जुनी आहेत." मग तिने आवाज खाली आणला. "पोरीच्या इरियाला काय नेसवणार आहेस? लाजू नकोस, यातलं एखादं ने. दुसऱ्या दिवशी परत आण म्हणजे झालं. आणि कुणाचं ते सांगत सुटू नकोस. आम्हाला मिरवायला आवडत नाही."

इनेंगीने हात पुसले. तिने गुडघे वाकवले.

"उपकार झाले, ताई."

मग सहांपैकी जे कापताना तिची बोटं सर्वांत जास्त रक्ताळली होती, त्या कापडावर तिने हात ठेवला.

"नजर आहे हं तुला," ओवानाते म्हणाली.